सेटिंगच्या आत सेटिंग : वरची टायटल पट्टी गायब होऊ देऊ नका

दुकानासाठी स्वतःचं ॲप बनवून घेण्याच्या मालिकेतला हा पुढचा धडा. व्हिडिओत मी हा विषय सात-आठ मिनिटांत उरकला होता, पण ज्यांचं ॲप सध्या डेव्हलपरकडे तयार होतंय त्यांना तेवढ्यावर भागणार नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. डेव्हलपरशी बोलायला बसाल तेव्हा हा लेख उघडून समोर ठेवा.

विषय दिसायला अगदी किरकोळ आहे. ॲपमध्ये सेटिंग्ज उघडल्या, त्यात ‘बिल’ वर बोट ठेवलं, त्यात ‘कर’ वर ठेवलं. आता तुम्ही तिसऱ्या पायरीवर आहात. या पडद्यावर सगळ्यात वर आपण कुठे आहोत हे लिहिलेलं दिसतंय का? मागे जायचा बाण आहे का? आणि पडदा खाली सरकवल्यावर ती पट्टी जागेवर राहते का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तुमचा डेव्हलपर कामाचा माणूस आहे, त्याला चहा पाजा. पण बऱ्याच छोट्या ॲप्समध्ये पहिल्या पायरीवर पट्टी असते, दुसरीवर कधी असते कधी नसते, आणि तिसरीवर नुसती बटणांची रांग उरते.

‘एवढ्याने काय बिघडतं, आपल्याला माहीतच असतं ना आपण कुठे गेलोय’ असं मला प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच. तुम्हाला माहीत असतं हो. पण काउंटरवर तुम्ही एकटे नसता. मध्येच गिऱ्हाईक येतं, फोन वाजतो, स्क्रीन बंद होते, दहा मिनिटांनी तुमच्याऐवजी दुकानातला मुलगा तोच फोन हातात घेतो. त्याला समोर फक्त ‘करासहित दर’ असं एक बटण दिसतं. कशाचा दर? विक्रीचा की खरेदीचा?

हा प्रश्न मी हवेतून काढलेला नाही. आमच्या एका बॅचमधल्या ताईंचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, माझ्यासारखंच. त्यांच्या ॲपमध्ये ‘विक्री’च्या आत ‘कर’ होतं आणि ‘खरेदी’च्या आतही ‘कर’ होतं. दोन्ही पडद्यांवर पहिलं बटण तेच : ‘करासहित दर’. त्यांना खरेदीचं बटण चालू करायचं होतं, कारण एक पुरवठादार कर धरूनच भाव देतो. तिसऱ्या पायरीवर टायटल नव्हतं. दुकानातल्या मुलाने बटण चालू केलं ते विक्रीचं. आणि त्याला तरी काय म्हणणार? दोन्ही पडदे हुबेहूब सारखे.

आता हिशोब बघा, कारण खरी गंमत इथे आहे. ताई ठेकेदारांना आणि वायरमनना जो माल देतात त्याचा दर करावेगळा भरलेला असतो. समजा एका वस्तूचा दर १००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १८० रुपये, बिल ११८० चं. बटण उलटं झाल्यावर ॲप समजलं की १००० मध्येच कर आहे. मग त्याने १००० ला १.१८ ने भागलं : मूळ किंमत ८४७.४६, कर १५२.५४, बिल एक हजाराचं. गिऱ्हाइकाकडून १८० रुपये कमी आले. पण तुमच्या खिशाला बसलेला फटका नेमका १८० चा नाही, कारण कराचा आकडाही १८० वरून १५२.५४ वर आला. तुमच्या मूळ किमतीतून गेले १५२.५४ रुपये. अशा ४० वस्तू गेल्या तर ६,१०१ रुपये ६० पैसे. आणि बिल कमी आलं म्हणून तक्रार करायला कोणता ठेकेदार येणार आहे?

बटण दुसऱ्या बाजूला उलटलं असतं तर गोष्ट लगेच उघडकीला आली असती. एमआरपी ११८० ची वस्तू, ॲपने त्यावर आणखी १८ टक्के लावून १३९२.४० चं बिल काढलं, तर गिऱ्हाईक काउंटरवरच आवाज चढवतं. शिवाय छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा वैधमापन शास्त्राच्या नियमांप्रमाणे गुन्हा आहे, ते वेगळंच. म्हणजे एका बाजूला भांडण आणि कायदा, दुसऱ्या बाजूला गुपचूप गळती. दोन्हींचं मूळ एकच, पडद्याच्या वर दोन शब्द नव्हते.

आता ही पट्टी जाते कुठे, ते समजून घेऊ. तुम्हाला कोडिंग शिकायचं नाहीये, पण कारण माहीत असलं की ‘अँड्रॉइडमध्ये असंच असतं हो’ हे उत्तर तुमच्या गळी उतरवता येत नाही.

जुनी पद्धत आणि तिचा दोष

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जचे पडदे बनवायला तयार साचा मिळतो. त्यात ‘प्रेफरन्सस्क्रीन’ नावाचा एक डबा असतो आणि त्या डब्यात दुसरा डबा ठेवता येतो. जुन्या साच्यात आतला डबा उघडला की तो खरा नवीन पडदा नसायचा. पूर्ण पडदा झाकणारी एक डायलॉगची खिडकी वर येऊन बसायची. तुमची पट्टी, म्हणजे डेव्हलपरच्या भाषेत टूलबार, ही खालच्या मूळ पडद्याची. ती त्या खिडकीखाली गाडली जायची. घरात पाटी भिंतीवर आहे, पण तिच्यापुढे कपाट आणून ठेवलं, तसं.

२०१४ मध्ये अँड्रॉइड ५ आलं, त्याबरोबर टूलबार आला आणि हा दोष ठळकपणे दिसायला लागला, कारण आता पट्टी ही डेव्हलपरने स्वतः मांडायची वस्तू झाली. तेव्हा लोकांनी नाना जुगाड केले. त्या डायलॉगमध्ये शिरून वरून पट्टी चिकटवायची, हा त्यातला लोकप्रिय. चालायचाही, पण एका फोनवर एक आणि दुसऱ्यावर भलतंच. पुढे अँड्रॉइड १० पासून हा जुना साचाच गूगलने बाद ठरवला. त्याजागी अँड्रॉइडएक्सची नवीन प्रेफरन्स लायब्ररी वापरा, आणि डब्यात डबा न ठेवता प्रत्येक आतल्या पडद्याचा स्वतंत्र फ्रॅगमेंट करा, असं गूगलच्या मार्गदर्शिकेतच लिहिलंय.

फ्रॅगमेंट म्हणजे काय? दुकानाची पाटी वर कायम आहे आणि खालच्या शोकेसमधला माल आपण बदलतो. पाटी एकाच ठिकाणी, ॲक्टिव्हिटीमध्ये. खाली एक रिकामी जागा. ‘बिल’ वर बोट ठेवलं की त्या जागेत बिलाचा फ्रॅगमेंट, ‘कर’ वर ठेवलं की कराचा. पाटी हलतच नाही, त्यामुळे गायब व्हायचा प्रश्न येत नाही. फक्त पाटीवरची अक्षरं बदलायची. एवढं साधं आहे.

तुमच्या डेव्हलपरने आजही डब्यात डबा ठेवला असेल तर त्याने फार जुनी शिकवणी बघून काम केलंय, असं समजायला हरकत नाही.

पट्टी आहे, पण खोटं बोलते

माझ्या मते पट्टी नसण्यापेक्षा हा प्रकार जास्त घातक, आणि याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

अँड्रॉइड स्टुडिओमध्ये सेटिंग्जचा जो तयार नमुना मिळतो, त्यात मागे आल्यावर टायटल परत बदलायची सोय आहे, पण ती फक्त पहिल्या पानापुरती. म्हणजे मागे येत येत तुम्ही अगदी सुरुवातीच्या पानावर पोचलात, तरच ‘सेटिंग्ज’ हे नाव परत लागतं. दोन पायऱ्या असतील तर हे झकास चालतं. पण तुमच्या ॲपमध्ये तीन पायऱ्या आहेत असं धरा. तुम्ही ‘सेटिंग्ज’ मधून ‘विक्री’ मध्ये गेलात, तिथून ‘कर’ मध्ये. आता मागचा बाण दाबला. पडदा ‘विक्री’चा आला, पण वर अजून ‘कर’ च लिहिलंय! नमुना जसाच्या तसा उचलला असेल तर हे होणारच. डेव्हलपरने दोन पायऱ्यांवर तपासून ‘ओके’ म्हटलेलं असतं.

यावर सोपा इलाज असा की टायटल बदलायची जबाबदारी प्रत्येक फ्रॅगमेंटने स्वतः घ्यायची. तो पडदा समोर आला की त्याने स्वतःचं नाव वर लावायचं, मग तुम्ही पुढून आलेले असा नाहीतर मागून. हे काम ‘ऑनरिझ्यूम’ नावाच्या ठिकाणी दोन ओळींत होतं. डेव्हलपरला हा शब्द सांगा, त्याला बरोबर कळेल.

दुसरं खोटं फोन आडवा केल्यावर बाहेर येतं. फोन फिरवला की अँड्रॉइड सहसा तो पडदा मोडून नव्याने बांधतं. टायटल कुठे जपून ठेवलं नसेल तर तुम्ही तिसऱ्या पायरीवर आणि वर नुसतं ‘सेटिंग्ज’. आपल्याकडे फोन कोण आडवा करतंय, असं वाटेल. पण हेच सगळं तेव्हाही होतं जेव्हा तुम्ही ॲप मागे टाकून यूपीआयचा पेमेंट मेसेज बघता, गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता, आणि कमी रॅमच्या फोनने तेवढ्यात तुमचं ॲप मेमरीतून काढून टाकलेलं असतं. परत आलात की ॲप पडदा नव्याने उभा करतं. दुकानात वापरले जाणारे फोन बहुतेक असेच असतात, घरात जुना झालेला फोन काउंटरवर येतो. त्यामुळे ही तपासणी आडवा फोन न धरणाऱ्यांनीही करायचीच.

खाली सरकवल्यावर काय होतं

काही डेव्हलपर हौसेने अशी पट्टी करतात की यादी वर ढकलली की पट्टीही वर निघून जाते. बातम्यांच्या ॲपला हे शोभतं, वाचायला जागा जास्त मिळते. सेटिंग्जमध्ये मी याच्या पूर्ण विरोधात आहे. सेटिंग्जमध्ये कुणी वाचायला जात नाही, काहीतरी बदलायला जातं. आणि बदलायचं बटण यादीच्या तळाशी असेल तर नेमक्या त्याच क्षणी वरचं नाव दिसत नसतं.

मोठं टायटल आवडत असेल तर आयफोनसारखं करा. आयओएस ११ पासून, म्हणजे २०१७ पासून, तिथे मोठ्या अक्षरातलं टायटल आहे. खाली सरकवलं की ते लहान होतं आणि वरच्या पट्टीत जाऊन बसतं, नाहीसं होत नाही. अँड्रॉइडवरही असं करता येतं. डेव्हलपर जेटपॅक कंपोजमध्ये काम करत असेल तर त्याला ‘पिन्ड’ किंवा ‘एक्झिट अन्टिल कोलॅप्स्ड’ ठेव म्हणून सांगा. फ्लटरमध्ये साधा ॲपबार जागेवरच राहतो. सरकणारा स्लिव्हर ॲपबार घेतला असेल तर त्यात ‘पिन्ड’ चालू करायला लागतं, ते आपोआप चालू नसतं. आणि तुमचं ॲप म्हणजे मोबाइलवर उघडणारी वेबसाइटच असेल, तर पट्टीला ‘स्टिकी’ करतात. तिथे एक नेहमीची अडचण आहे : पट्टी ज्या चौकटीत आहे तिला जास्तीचा भाग कापायचा आदेश दिलेला असेल तर स्टिकी काम करत नाही. डेव्हलपर तासभर डोकं खाजवतो, म्हणून सांगून ठेवलं.

अपडेटनंतर अचानक पट्टी गेली, असंही काहींनी विचारलंय. त्याचं कारण बहुतेक हे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवीन ॲप टाकायला किंवा अपडेट द्यायला ते अँड्रॉइड १५ ला धरून बनवलेलं असावं लागतं. आणि असं ॲप अँड्रॉइड १५ च्या फोनवर काठापासून काठापर्यंत पसरतं, म्हणजे घड्याळ आणि बॅटरी दिसते त्या जागेच्या खालीसुद्धा. वर किती जागा सोडायची हे डेव्हलपरने सांगितलं नसेल तर तुमचं टायटल घड्याळाच्या मागे जाऊन बसतं. तुमच्या जुन्या फोनवर सगळं ठीक दिसतं आणि गिऱ्हाइकाच्या नव्या फोनवर नाही. म्हणून एक तरी तपासणी नव्या फोनवर करा, शेजारच्या दुकानदाराचा मागून घेतला तरी चालेल.

पट्टीवर लिहायचं काय

पट्टी टिकवली पण तिच्यावर नुसतं ‘कर’ लिहिलं, तर ताईंच्या दुकानात जे झालं ते उद्या परत होईल. पट्टीवर आईबापाचं नाव हवं. ‘विक्रीवरील कर’, ‘खरेदीवरील कर’. किंवा मोठ्या अक्षरात ‘कर’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘विक्री’. टूलबारमध्ये अशा दुसऱ्या ओळीची सोय आधीपासून असते, वेगळा खर्च नाही.

याचं एक उदाहरण तुमच्या हातातच आहे. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘ग्रीटिंग मेसेज’ आणि ‘अवे मेसेज’ असे दोन स्वतंत्र प्रकार आहेत, आणि दोन्हींच्या आत हा मेसेज कुणाकुणाला जावा ते निवडायचं असतं. पर्याय दोन्हीकडे तेच : सगळ्यांना, नंबर सेव्ह नसलेल्यांना, अमुक सोडून सगळ्यांना, फक्त अमुक लोकांना. मी शिकवताना बघतो, निम्मी बॅच इथे अडखळते. ‘सर, मी आत्ता कुठल्या मेसेजचं करतोय?’ म्हणून मी त्यांना सवयच लावलीय, काही निवडायच्या आधी एकदा मागे जाऊन नाव वाचून यायचं.

मराठीत पट्टी करताना दोन अडचणी येतात. शब्द लांब होतात, आणि मग शेवटी तीन टिंबं येतात : ‘खरेदीवरील क…’. म्हणून वेगळेपणा दाखवणारा शब्द आधी आणा. ‘कर सेटिंग्ज – खरेदी’ असं लिहिलं तर नेमकं ‘खरेदी’च कापलं जातं. दुसरं म्हणजे वेलांट्या आणि उकार. पट्टीची उंची इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने घट्ट बसवलेली असते, फोनचा फॉन्ट मोठा केला की वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार छाटला जातो. चाळिशीच्या पुढचे आपले निम्मे दुकानदार फॉन्ट मोठाच ठेवतात, तेव्हा हे तपासल्याशिवाय ‘चालेल’ म्हणू नका.

आणि हो, ज्यांना नीट दिसत नाही ते टॉकबॅक वापरतात. पडद्याला नाव दिलेलं असेल तर नवीन पडदा उघडल्यावर तो नाव वाचून दाखवतो. नाव नसेल तर त्या माणसाला आपण कुठे आलो ते कळायला प्रत्येक बटण चाचपत बसावं लागतं.

पायऱ्या किती असाव्यात, यावर माझं मत पक्कं आहे : छोट्या दुकानाच्या ॲपला तीन पुरे. चौथी पायरी लागतेय असं डेव्हलपर म्हणाला तर आधी बटणं कमी करा. यातली निम्मी बटणं ‘उद्या लागतील’ म्हणून घातलेली असतात आणि तो उद्या उगवत नाही.

डेव्हलपरला पाठवायचा मेसेज

हा जसाच्या तसा कॉपी करा, नावं तेवढी तुमची घाला.

‘सर, सेटिंग्जच्या सगळ्या आतल्या पडद्यांवर वरची पट्टी आणि मागचा बाण कायम दिसला पाहिजे, यादी शेवटपर्यंत सरकवली तरी. आतला प्रत्येक पडदा स्वतंत्र फ्रॅगमेंट करा, प्रेफरन्सस्क्रीनमध्ये प्रेफरन्सस्क्रीन नको. प्रत्येक पडद्याने टायटल स्वतः लावावं, म्हणजे तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर मागे आल्यावर दुसरीचंच नाव दिसेल. फोन आडवा केल्यावर आणि ॲप बंद होऊन परत उघडल्यावर टायटल तेच राहावं. एकाच नावाचे दोन पडदे असतील तर टायटलमध्ये विभागाचं नाव घाला. अँड्रॉइड १५ वर पट्टी घड्याळाखाली जाऊ नये. शेवटचा हप्ता हे माझ्या फोनवर बघून देईन.’

शेवटचं वाक्य गाळू नका. काम घेण्याच्या आधी पाठवलं तर ते अट ठरतं, काम झाल्यावर पाठवलं तर भांडण.

तपासायला दहा मिनिटं लागतात. सगळ्यात खोल पडद्यावर जा, तळापर्यंत सरकवा, वर बघा. एक एक पायरी मागे या आणि दर पायरीला नाव वाचा, मोठ्याने वाचलं तर उत्तम. परत खोल जा, फोन आडवा करा, सरळ करा. फोनच्या डिस्प्ले सेटिंगमधून फॉन्ट सगळ्यात मोठा करून तेच परत. डेव्हलपर ऑप्शन्स चालू करता येत असतील तर तिथलं ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा, ॲप मागे टाका आणि परत या. कमी रॅमच्या फोनवर काय होईल त्याची कल्पना लगेच येते. झाल्यावर ते बंद करायला विसरू नका, नाहीतर फोनवरची बाकीची ॲप्सही विचित्र वागतील. आणि सगळ्यात महत्त्वाची तपासणी : खोलातला एक पडदा उघडा आणि फोन दुकानातल्या मुलाच्या हातात द्या. त्याला फक्त विचारा, ‘हे कशाचं आहे रे?’ त्याने तीन सेकंदांत बरोबर सांगितलं तर पास.

ज्यांच्या ॲपमध्ये दुरुस्ती व्हायला वेळ लागणार आहे, त्यांनी तोवर एक करा. कराची, बिल नंबरची आणि सवलतीची बटणं कुणी बदलायची ते ठरवून द्या, आणि बदल केल्यावर एक नमुना बिल काढून १८ टक्क्यांचा आकडा कॅल्क्युलेटरवर पडताळा. १००० वर १८० यायला हवेत. १५२.५४ आले तर कुठलं बटण उलटलंय ते आता तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या व्हिडिओत याच सेटिंग्जना पासवर्ड कसा लावायचा ते घेऊ. तोवर तुमच्या ॲपच्या तिसऱ्या पायरीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. कापू नका, वरच्या घड्याळासकट पूर्ण हवा.